लो डोस नॅल्ट्रेक्सोन घ्यावे का? आधी ट्रॅमॅडॉलचा प्रश्न सोडवा

पत्राचा सारांश

एका वाचक भगिनीने सविस्तर पत्र पाठवले आहे. त्यांचे वय ४६ आहे. सात वर्षांपासून त्यांना ऱ्हुमॅटॉइड संधिवात असून आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट चालू आहे. सांध्यांची सूज आटोक्यात आहे आणि रक्ताचे अहवालही समाधानकारक येतात. तरीही मान, खांदे, पाठ आणि मांड्या सतत दुखतात, सकाळी उठल्यावर अंग आंबून गेलेले असते आणि दुपारपर्यंत थकवा येतो. संधिवाताबरोबर फायब्रोमायाल्जियाही (सर्वांग दुखणे, थकवा आणि बिघडलेली झोप असा दीर्घकाळचा आजार) असल्याचे निदान गेल्या वर्षी झाले. दुखणे असह्य झाले की त्या ट्रॅमॅडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी घेतात. आता असा दिवस जवळजवळ रोजच उगवतो. त्यांच्या नणंदेला क्रोन्सचा, म्हणजे आतड्याला सतत दाह होण्याचा, आजार आहे. अगदी कमी मात्रेत (लो डोस) नॅल्ट्रेक्सोन हे मुळात व्यसनमुक्तीसाठीचे औषध सुरू केल्यापासून नणंदेला पुष्कळ बरे वाटते आहे आणि तिनेच ५० मिलिग्रॅमच्या गोळ्यांची एक पट्टी ‘बारीक तुकडे करून घे’ असे सांगून यांना दिली आहे. संधिवाततज्ज्ञांना विचारले तेव्हा ‘याला पुरावा नाही’ एवढेच म्हणून त्यांनी विषय संपवला. वाचक विचारतात: डॉक्टरांना न सांगता हे औषध सुरू करावे का? ते रोगप्रतिकारशक्ती वाढवते असे ऐकले आहे, तर हळूहळू मेथोट्रेक्सेट बंद करता येईल का? आणि एवढ्याशा मात्रेने बिघडणार तरी काय?

उत्तर

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते थांबवून ठेवण्यासारखे नाही. तुमच्या बाबतीत एवढ्याशा मात्रेनेही बरेच बिघडू शकते. तुम्ही जवळजवळ रोज ट्रॅमॅडॉल घेत आहात, आणि ते चालू आहे तोपर्यंत नॅल्ट्रेक्सोनचा लहानसा तुकडाही तोंडात टाकू नका. हे एवढे पाळलेत तर बाकीचा विचार सावकाश करायला हरकत नाही.

यामागचे कारण समजून घ्या. ट्रॅमॅडॉल हे ओपिऑइड गटातले औषध आहे. मॉर्फिन आणि कोडीन याच गटातली आहेत. ही औषधे मेंदूतील आणि मज्जारज्जूतील ठरावीक ग्राहींवर, म्हणजे पेशींवरील संदेश घेणाऱ्या जागांवर (रिसेप्टर), बसून वेदना कमी करतात. नॅल्ट्रेक्सोन त्याच ग्राहींवर बसते, पण खुर्ची अडवून बसलेल्या माणसासारखे: स्वतः काम करत नाही आणि दुसऱ्याला बसूही देत नाही. त्याची पकड ट्रॅमॅडॉलपेक्षा घट्ट असल्याने ते आधी बसलेल्या औषधाला बाजूला सारते. शरीराला रोजच्या ओपिऑइडची सवय झालेली असेल, तर हा आधार एका क्षणात काढून घेतल्यासारखे होते. पोटात मुरडा, उलट्या, जुलाब, दरदरून घाम, अंगावर काटा, जिवाची प्रचंड घालमेल आणि आधीपेक्षा कितीतरी जास्त दुखणे अशी लक्षणे तास-दोन तासांत सुरू होतात. रोजचे प्रमाण जास्त असेल तर रुग्णालयात न्यावे लागते. मात्रा कमी असली तर त्रास कदाचित कमी होईल, पण होणारच नाही असे कोणी सांगू शकत नाही.

यावर ‘मग मी उद्यापासून ट्रॅमॅडॉल बंद करते’ असा विचार तुमच्या मनात येईल. तेही करू नका. ट्रॅमॅडॉल ओपिऑइड ग्राहींबरोबरच सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन या रसायनांवरही परिणाम करते. म्हणून बरेच दिवस रोज घेतल्यावर ते एकदम सोडले तर ओपिऑइड सोडल्याचा त्रास होतो आणि शिवाय बेचैनी, भीती, झोप उडणे असे वेगळे त्रासही होऊ शकतात. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने कमी करावे लागते. शेवटच्या गोळीनंतर साधारण ७ ते १० दिवस शरीर ओपिऑइडमुक्त राहिल्यावरच नॅल्ट्रेक्सोनचा विचार करावा, असा ५० मिलिग्रॅमच्या नेहमीच्या मात्रेसाठीचा नियम आहे. ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथॅडोनसारख्या औषधांसाठी ही मुदत आणखी मोठी असते. कमी मात्रेसाठी काही डॉक्टर वेगळा हिशेब करतात, पण तो हिशेब त्यांनी करायचा असतो, आपण नव्हे.

ओपिऑइड कधी कधी आपल्याला ओळखूही येत नाही, हे इथे इतर वाचकांसाठीही सांगायला हवे. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते. पाठीच्या किंवा दातांच्या दुखण्यावर दिलेल्या काही एकत्रित गोळ्यांत ट्रॅमॅडॉल असते. टॅपेंटाडॉल नावाची वेदनाशामक गोळी, त्वचेवर लावायची ब्युप्रेनॉर्फिनची पट्टी आणि जुलाबावरच्या काही गोळ्यांतील डायफेनॉक्सिलेट हीसुद्धा याच कुळातली आहेत. पट्टीवर औषधाचे व्यापारी नाव मोठ्या अक्षरांत असते आणि घटकांची नावे खाली बारीक अक्षरांत. वाचायची ती बारीक अक्षरेच. तुमच्या घरातल्या सगळ्या पट्ट्या आणि बाटल्या एकदा बाहेर काढा, प्रत्येकीवरचे घटक एका कागदावर लिहा आणि तो कागद डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला दाखवा.

आता मूळ औषधाकडे वळू. नॅल्ट्रेक्सोन नवे नाही. ओपिऑइडच्या व्यसनावरील उपचारासाठी अमेरिकेत १९८४ मध्ये आणि दारूच्या व्यसनासाठी १९९४ मध्ये त्याला मान्यता मिळाली. त्या कामासाठीची नेहमीची मात्रा रोज ५० मिलिग्रॅम आहे. तुमची नणंद घेते ती मात्रा बहुधा १ ते ५ मिलिग्रॅमच्या दरम्यान असेल. अभ्यासांत सर्वाधिक वापरली गेलेली मात्रा ४.५ मिलिग्रॅम आहे. इतक्या कमी मात्रेत ते वेगळे वागते ही कल्पना १९८०च्या दशकात पुढे आली. पेन्सिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातील इयन झॅगॉन आणि पॅट्रिशिया मॅकलॉफलिन यांनी उंदरांवर काम करताना दाखवले की ग्राही दिवसभर अडवून ठेवणे आणि काही तासांपुरतेच अडवणे यांचे परिणाम उलट असू शकतात. त्याच सुमारास न्यूयॉर्कमधील डॉ. बर्नार्ड बिहारी यांनी एचआयव्हीबाधित रुग्णांना ते कमी मात्रेत देऊन पाहिले. पुढे क्रोन्स, मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मज्जारज्जूतील मज्जातंतूंचा आजार), फायब्रोमायाल्जिया अशा आजारांत ते वापरले जाऊ लागले. यांपैकी कोणत्याही आजारासाठी कमी मात्रेतील नॅल्ट्रेक्सोनला औषध-नियामकांची रीतसर मान्यता नाही. डॉक्टर ते स्वतःच्या जबाबदारीवर मान्यतेबाहेरच्या उपयोगासाठी लिहून देतात. वैद्यकात अशी प्रथा आहे आणि ती बेकायदा किंवा लपवाछपवीची नाही. पण लिहून देणाऱ्याला कारणे द्यावी लागतात, हे लक्षात ठेवा.

ते काम कसे करत असावे याची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. पहिले असे की रात्री घेतलेली लहान मात्रा काही तास ग्राही अडवते, त्यामुळे शरीर स्वतःची वेदनाशामक रसायने, म्हणजे एन्डॉर्फिन आणि एन्केफॅलिन, जास्त तयार करते, आणि औषध उतरल्यावर ती वाढलेली रसायने उपयोगी पडतात. दुसरे स्पष्टीकरण मायक्रोग्लिया नावाच्या पेशींशी जोडलेले आहे. या मेंदूतील आणि मज्जारज्जूतील प्रतिकारपेशी आहेत. त्यांच्यावरील टीएलआर-४ नावाचा ग्राही चेतवला गेला की त्या दाहजनक रसायने सोडतात आणि वेदनेचे संदेश मोठे होऊन पोहोचतात. नॅल्ट्रेक्सोन हा ग्राही शांत करते असे प्रयोगशाळेत दिसले आहे. दोन्ही स्पष्टीकरणे पटण्यासारखी आहेत. तरी स्पष्टीकरण पटले म्हणून औषध लागू पडते असे होत नाही, आणि समाजमाध्यमांवर या दोन गोष्टींची गल्लत फार होते.

‘रोगप्रतिकारशक्ती वाढवते’ हे तुम्ही ऐकलेले वाक्य मला विशेष अस्वस्थ करते. ऱ्हुमॅटॉइड संधिवातात प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते. ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर चाल करून गेलेली असते, आणि मेथोट्रेक्सेट तिला आवरते. एखादे औषध खरोखरच ही शक्ती सरसकट वाढवत असते, तर तुमच्यासारख्या रुग्णाने त्यापासून दूरच राहायला हवे होते. नॅल्ट्रेक्सोनचे समर्थन करणारे संशोधकही ते दाह कमी करत असावे असे म्हणतात. म्हणजे ज्या कारणासाठी तुम्ही ते घेऊ पाहता, ते कारणच मुळात चुकीचे सांगितले गेले आहे.

म्हणून मेथोट्रेक्सेटविषयी माझे उत्तर स्पष्ट आहे. ते नॅल्ट्रेक्सोनच्या भरवशावर कमी करू नका आणि बंदही करू नका. तुमची सूज आज आटोक्यात आहे ती याच औषधामुळे असण्याची शक्यता सर्वाधिक आहे. ते थांबवले तर पहिले काही आठवडे काही वाटणारही नाही आणि ‘बघा, गरजच नव्हती’ असा समज होईल. संधिवात उसळला की सांध्यांजवळचे हाड झिजते, आणि ते झिजलेले हाड परत भरून येत नाही. नॅल्ट्रेक्सोनमुळे ही झीज थांबते असे दाखवणारा पुरावा नाही. नॉर्वेत २०१३ मध्ये दूरचित्रवाणीवरील एका माहितीपटानंतर हजारो लोकांनी हे औषध सुरू केले होते. पुढे तिथल्या संशोधकांनी औषधविक्रीच्या राष्ट्रीय नोंदी तपासल्या. ज्या संधिवाताच्या रुग्णांनी नॅल्ट्रेक्सोन नियमित चालू ठेवले, त्यांनी वेदनाशामके आणि संधिवाताची काही औषधे आधीपेक्षा कमी घेतली असे त्यांना दिसले. ही नोंद उत्सुकता वाढवणारी आहे. पण औषध कमी विकत घेतले म्हणजे आजार कमी झाला असे होत नाही, आणि विक्रीच्या नोंदीत कोणाच्या सांध्याचा एक्स-रे नसतो. थायरॉइडच्या रुग्णांची संप्रेरकाची गरज कमी होते असाही दावा लोक करतात. त्याच प्रकारच्या नोंदींत तसे काही आढळले नाही.

आता तुमच्या डॉक्टरांच्या ‘पुरावा नाही’ या शब्दांकडे येते. त्यांनी एका वाक्यात विषय मिटवला याचे तुम्हाला वाईट वाटले, आणि ते साहजिक आहे. वर्षानुवर्षे दुखणे सोसणाऱ्या माणसाला निदान दोन मिनिटांचे उत्तर मिळायला हवे. पण त्यांनी उत्तर तुटक दिले म्हणून ते चूक ठरत नाही, आणि ‘औषध कंपन्यांना फायदा नाही म्हणून डॉक्टर सांगत नाहीत’ हा पत्रात तुम्ही लिहिलेला निष्कर्षही त्यातून निघत नाही. औषध जुने आहे, त्यावर पेटंट नाही, म्हणून मोठ्या चाचण्यांवर खर्च करायला कंपन्या पुढे येत नाहीत, एवढा भाग खरा आहे. तरीही चाचण्या झालेल्या आहेत, आणि त्यांचे निष्कर्ष तुम्ही जाणून घ्यावेत असे मला वाटते.

फायब्रोमायाल्जियासाठी पहिली आशा स्टॅनफर्ड विद्यापीठातून आली. जॅरेड यंगर आणि शॉन मॅकी यांनी २००९ मध्ये दहा स्त्रियांवर छोटा अभ्यास केला आणि २०१३ मध्ये ३१ स्त्रियांवर अधिक काटेकोर चाचणी प्रसिद्ध केली. प्रत्येक स्त्रीला काही आठवडे ४.५ मिलिग्रॅम नॅल्ट्रेक्सोन आणि काही आठवडे औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी, म्हणजे प्लासिबो, दिली गेली. केव्हा काय मिळते आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. औषधावर वेदना सरासरी २८.८ टक्क्यांनी कमी झाली, प्लासिबोवर १८ टक्क्यांनी. वेदनेबरोबर थकवा किंवा झोपही लक्षणीय सुधारली अशा स्त्रिया औषधाच्या काळात ३२ टक्के होत्या, प्लासिबोच्या काळात ११ टक्के. म्हणजे फरक होता, आणि औषध घेऊनही ज्यांचे फारसे भले झाले नाही अशा स्त्रियांची संख्या जास्त होती.

त्यानंतर डेन्मार्कमध्ये ९९ स्त्रियांवर बारा आठवड्यांची चाचणी झाली. मात्रा ६ मिलिग्रॅम होती. तिचे निष्कर्ष २०२३च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर वेदना औषधगटात सरासरी १.३ ने आणि प्लासिबोगटात ०.९ ने कमी झाली. हा फरक इतका लहान आहे की तो केवळ योगायोग नाही असे म्हणता येत नाही. मोठी आणि नीट आखलेली चाचणी आणि तिचा निकाल असा. त्यामुळे तुमच्या डॉक्टरांच्या जागी मी असते तर ‘पुरावा नाही’ ऐवजी ‘पुरावा आहे, पण तो संमिश्र आहे, आणि जितकी चाचणी मोठी तितका फायदा लहान दिसतो’ असे म्हटले असते. काही थोड्या रुग्णांना खरोखर फायदा होत असेल आणि सरासरीत तो बुडून जात असेल, ही शक्यता उरते. मात्र ते रुग्ण आधी ओळखायचे कसे, हे कोणाच्याही हाती लागलेले नाही.

तुमच्या नणंदेचा अनुभव मी खोटा मानत नाही. क्रोन्ससाठी पेन्सिल्व्हेनियातील डॉ. जिल स्मिथ यांच्या गटाने २०११ मध्ये ४० रुग्णांवर प्लासिबोसह चाचणी केली. तिच्यात औषधगटातील ८८ टक्के आणि प्लासिबोगटातील ४० टक्के रुग्णांच्या आजाराचा गुणांक ठरलेल्या मर्यादेने उतरला आणि आतड्याच्या दुर्बीण तपासणीतही सुधारणा दिसली. चाळीस माणसांवरून मोठे विधान करता येत नाही, म्हणून वैद्यकीय चाचण्या पडताळणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्याने पुरावा अपुरा ठरवला. पण तिचा आजार वेगळा आहे, तिच्या बाबतीतला पुरावा वेगळा आहे आणि मुख्य म्हणजे ती ट्रॅमॅडॉल घेत नाही. तिला लागू पडले ते तुम्हालाही पडेल हे गृहीतक प्रेमातून आलेले आहे, पण त्यावर औषध सुरू करता येत नाही. मल्टिपल स्क्लेरोसिसचे वाचक हा मजकूर वाचत असतील तर त्यांच्यासाठी थोडक्यात: २०१० मधील एका चाचणीत मानसिक स्वास्थ्याच्या मोजमापात थोडी सुधारणा दिसली, शारीरिक मोजमापात नाही. त्याच वर्षीच्या ९६ रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीत उल्लेखनीय फरक आढळला नाही. मधुमेहामुळे पाय जळजळणाऱ्यांसाठी चंडीगढच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतील तज्ज्ञांनी कमी मात्रेतील नॅल्ट्रेक्सोनची तुलना ॲमिट्रिप्टिलिन या अशा दुखण्यावरच्या जुन्या औषधाशी केली. आराम सारखाच मिळाला आणि दुष्परिणाम कमी झाले. ही चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली.

एवढे वाचून तुम्ही म्हणाल, मग मी प्रयत्न करूच नये का? मी तसे म्हणत नाही. ट्रॅमॅडॉल सुटले, यकृत आणि मूत्रपिंड ठीक आहेत आणि डॉक्टर देखरेख करायला तयार आहेत, अशा स्थितीत कमी मात्रेतील नॅल्ट्रेक्सोनचा मुदतबंद प्रयोग हा समंजस पर्याय आहे. त्याची सवय लागत नाही आणि फारसे गंभीर दुष्परिणाम दिसलेले नाहीत. सुरुवातीला स्पष्ट, कधी भयंकर स्वप्ने पडणे, झोप मोडणे, डोकेदुखी आणि मळमळ हे त्रास होतात. स्वप्नांमुळे झोप बिघडली तर काही डॉक्टर रात्रीऐवजी सकाळी घ्यायला सांगतात. यकृताविषयीचा ठळक इशारा पूर्वी या औषधाच्या वेष्टनावर असे. तो मोठ्या मात्रांमधील अनुभवावर आधारलेला होता आणि अमेरिकेच्या नियामकांनी २०१३ मध्ये काढून टाकला. तुम्ही मेथोट्रेक्सेट घेता आणि तेही यकृताला जड जाऊ शकते, म्हणून तुमच्या नेहमीच्या यकृत-तपासण्या चुकवू नका. तीव्र यकृतविकार असलेल्यांनी, गर्भवती स्त्रियांनी आणि अवयवरोपण झालेल्यांनी आपल्या तज्ज्ञांना विचारल्याशिवाय याचा विचारही करू नये.

गोळीच्या तुकड्यांविषयी. ५० मिलिग्रॅमच्या गोळीतून ४.५ मिलिग्रॅम मिळवायचे तर तिचे अकरा सारखे भाग करावे लागतील. ब्लेडने कापताना चार तुकड्यांच्या पुढे ती चुरडते. आवरण एका बाजूला सुटते, पावडर कागदावर पडते आणि एका दिवशी दोन, दुसऱ्या दिवशी आठ मिलिग्रॅम पोटात जाते. मग बरे वाटले किंवा वाईट वाटले तरी ते कशामुळे, हे कळायला मार्ग राहत नाही. योग्य मार्ग म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एखाद्या अनुभवी फार्मासिस्टकडून नेमक्या मात्रेच्या कॅप्सूल किंवा द्रव तयार करून घेणे. सामान्यतः १ ते १.५ मिलिग्रॅमने सुरुवात करून काही आठवड्यांत ४.५ पर्यंत नेले जाते. तुमच्यासाठी काय योग्य हे तुम्हाला तपासणारे डॉक्टर ठरवतील. मी तुम्हाला तपासलेले नाही.

डॉक्टरांशी पुन्हा बोला, आणि या वेळी प्रश्न वेगळा विचारा. ‘हे औषध द्याल का?’ असे विचारले की उत्तर हो किंवा नाही असेच येते. त्याऐवजी असे म्हणता येईल: ‘माझे संधिवाताचे दुखणे आटोक्यात आहे, पण फायब्रोमायाल्जियामुळे मला रोज ट्रॅमॅडॉल लागते आहे. ते कमी कसे करायचे याचा आराखडा मला हवा आहे. ते सुटल्यावर कमी मात्रेतील नॅल्ट्रेक्सोन बारा आठवडे वापरून पाहण्याची माझी इच्छा आहे. डेन्मार्कची चाचणी मला ठाऊक आहे आणि मेथोट्रेक्सेट मी बंद करणार नाही.’ शेवटच्या दोन वाक्यांनी पुष्कळ फरक पडतो. रुग्ण मुख्य उपचार सोडेल ही भीती अनेक डॉक्टरांच्या नकारामागे असते. ट्रॅमॅडॉल रोजच्या वापरावर आले आहे हे त्यांना नेमके माहीत आहे का, याविषयीही मला शंका आहे, कारण पत्रात तुम्ही ते ओझरते लिहिले आहे. ते सांगताना संकोच वाटत असेल तर एक ध्यानात घ्या: लिहून दिलेली गोळी दुखणे वाढत गेल्यामुळे जास्त लागू लागणे हा अपराध नाही. शिवाय फायब्रोमायाल्जियात ओपिऑइड दीर्घकाळ फारसे उपयोगी पडत नाहीत. त्यामुळे ट्रॅमॅडॉल कमी करणे हा नॅल्ट्रेक्सोन घेतले नाही तरी तुमच्या फायद्याचाच निर्णय आहे.

त्यांनी होकार दिला तर औषध सुरू करण्यापूर्वी दोन ते चार आठवडे रोज संध्याकाळी तीनच नोंदी करा: दिवसभराची वेदना शून्य ते दहा, रात्रीची झोप शून्य ते दहा, आणि तुम्हाला महत्त्वाचे वाटणारे एक काम, उदाहरणार्थ न थांबता किती वेळ उभे राहता आले. फायब्रोमायाल्जिया आपोआपही चढतो-उतरतो. माणूस नवे औषध बहुधा सर्वांत वाईट काळात सुरू करतो, आणि त्यानंतर आजार उतरला की श्रेय औषधाला जाते. आधीच्या नोंदी असल्या म्हणजे ही फसगत टळते. या काळात दुसरे कोणतेही औषध, पथ्य किंवा व्यायाम नव्याने सुरू करू नका, नाहीतर कशाचा गुण आला हे समजणार नाही. प्रयोग संपण्याची तारीख आधीच लिहून ठेवा. सरासरी वेदना साधारण ३० टक्क्यांनी उतरली तर अभ्यासक ती अर्थपूर्ण सुधारणा मानतात. तेवढे झाले नाही आणि झोप किंवा कामही सुधारले नाही, तर बाराव्या आठवड्यानंतर थांबा. ‘आणखी थोडे दिवस’ असे म्हणत वर्ष निघून जाते.

औषध चालू असेपर्यंत एक कार्ड जवळ ठेवा आणि त्यावर औषधाचे नाव, मात्रा आणि घेण्याची वेळ लिहा. अपघात झाला किंवा तातडीची शस्त्रक्रिया करावी लागली, तर भूलतज्ज्ञ मॉर्फिनसारखी औषधे देतील आणि ती नेहमीसारखी लागू पडणार नाहीत. तुम्ही नॅल्ट्रेक्सोन घेता हे त्यांना कळले तर ते दुसरे उपाय योजतील. न कळताच त्यांनी मात्रा वाढवत नेली तर धोका तयार होतो. ठरवलेली शस्त्रक्रिया असेल तर किती दिवस आधी थांबायचे हे भूलतज्ज्ञांना विचारा. ही मुदत बहुधा एक ते तीन दिवसांची असते. घरातल्या एका माणसालाही हे माहीत असू द्या. डॉक्टरांना न सांगता घेण्याचा तुमचा विचार मला पटत नाही त्यामागचे हे सर्वांत मोठे कारण आहे, कारण गुप्त ठेवलेले औषध शुद्ध हरपलेल्या माणसाला सांगता येत नाही.

आणि त्यांनी विचार करून नकारच दिला तर? तर ‘मग याऐवजी काय?’ हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. ड्युलॉक्सेटिन, कमी मात्रेतील ॲमिट्रिप्टिलिन आणि प्रीगॅबालिन यांचा फायब्रोमायाल्जियावर अधिक अभ्यास झालेला आहे. मात्र ट्रॅमॅडॉल चालू असताना ड्युलॉक्सेटिन किंवा ॲमिट्रिप्टिलिन जोडणे सेरोटोनिनमुळे धोक्याचे ठरू शकते, म्हणून तिथेही आधी ट्रॅमॅडॉलचाच हिशेब मिटवावा लागेल. युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये फायब्रोमायाल्जियासाठी शिफारशी केल्या, तेव्हा ठामपणे शिफारस करण्यासारखा उपाय त्यांना एकच आढळला आणि तो व्यायाम होता. दुखणाऱ्या माणसाला हे ऐकून राग येतो, हे मला माहीत आहे. म्हणून ‘व्यायाम करा’ एवढ्यावर समाधान मानू नका. संधिवात आणि फायब्रोमायाल्जिया दोन्ही समजणाऱ्या फिजिओथेरपिस्टचे नाव डॉक्टरांकडून लिहून घ्या. सुरुवात पाच-सात मिनिटांच्या चालण्याने करून दर आठवड्याला किती वाढवायचे, आणि दुसऱ्या दिवशी दुखणे उसळले तर किती मागे यायचे, हे त्यांच्याकडून आकड्यांत ठरवून घ्या.